५४ अंशांचं पाणी नाल्यात सोडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहणाऱ्या एका कुटुंबाची अकलोलीच्या बाजूला, तानसा नदीजवळ थोडी जमीन आहे. तिथे बोअर मारली तर ५४ अंश सेल्सिअसचं पाणी लागलं. पंप लावला की सेकंदाला अडीच लिटर मिळतं. त्यांना तिथे २० खोल्यांचं पर्यटक निवास काढायचं आहे. ठेकेदाराचं म्हणणं, एक प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) बसवू, त्यावर आंघोळीचं पाणी तापवू आणि बोअरचं पाणी पुढे नाल्यात सोडू. हेच पाणी टप्प्याटप्प्याने आणखी कुठे वापरता येईल का, आणि त्यावर उन्हाळ्यात एसी चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

टप्प्याटप्प्याने नक्की वापरता येईल. एसीचं पुढे सांगतो, त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

बोअर लागली की सगळे जण तोंडाशी थर्मामीटर धरतात आणि तो आकडा पाहुण्यांना सांगतात. मी इतकी वर्षं हे काम करतोय, मी आधी दुसऱ्या टोकाला जाऊन बघतो: आवारातून बाहेर पडताना पाणी किती गार झालंय? सगळी किंमत तिथे ठरते. हिशोब साधा आहे. सेकंदाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि ते एक अंशाने गार झालं, तर ४.१८ किलोवॉट उष्णता मिळते. तुमचं अडीच लिटर पाणी ५४ वरून ४४ वर आलं तर सुमारे १०५ किलोवॉट. तेच पाणी ३० पर्यंत गार करून सोडलं तर सुमारे २५० किलोवॉट. म्हणजे ४४ अंशांवर पाणी सोडणारा माणूस निम्म्याहून जास्त उष्णता नाल्यात घालवतो, आणि पंपाची वीज मात्र पुरती भरतो. ही वीज तशी थोडीच आहे. पाणी उचलणं आणि पाइपातला रोध धरून एकूण हेड, म्हणजे पंपाला पाणी जितकं उंच चढवावं लागतं ते, ४० मीटर मानलं, तर दोन किलोवॉटच्या आसपास. दोन किलोवॉट विजेत अडीचशे किलोवॉट उष्णता मिळवून देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

आता या उष्णतेचं गिऱ्हाईक बघू. २० खोल्यांना दिवसाला ४,००० लिटर गरम पाणी धरा. २७ अंशांचं पाणी ४८ वर न्यायला सुमारे ९८ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट तासभर) उष्णता लागते. बोअर चोवीस तास चालली तर तिच्यात रोज ६,००० युनिट आहेत. सगळ्या खोल्यांच्या आंघोळी मिळून यातले दोन टक्केसुद्धा वापरत नाहीत! ठेकेदाराने सांगितलेलं चालेल, पण ते या बोअरसाठी फार छोटं आहे. तुम्हाला दिवसरात्र उष्णता खाणारं दुसरं काहीतरी हवं. तसं काही करायचं नसेल, तर पंप दिवसातून थोडाच वेळ चालवा आणि पाणी जमिनीतच राहू द्या. तेही शहाणपणाचंच आहे.

मी हे काम मुंबईच्या गिरणीत, रंगखात्यात शिकलो. तिथे कापड धुण्याच्या यंत्रात कापड एका बाजूने पुढे सरकतं आणि पाणी उलट्या बाजूने येतं. सगळ्यात स्वच्छ पाणी सगळ्यात स्वच्छ कापडाला भेटतं आणि सगळ्यात मळकं पाणी सगळ्यात मळक्या कापडाला. तेच पाणी शेवटपर्यंत कामाला येतं. उष्णतेचंही असंच आहे. ज्याला जास्त तापमान लागतं त्याला पाणी आधी भेटवायचं, ज्याचं कोमट पाण्यावर भागतं त्याला शेवटी. आइसलँडचे अभियंते बाल्दुर लिंदाल यांनी १९७३ मध्ये कोणत्या कामाला किती अंशांचं पाणी लागतं याची एक उतरंड मांडली. वर वीजनिर्मिती, मग सुकवणं, मग घरं तापवणं, हरितगृहं आणि सगळ्यात खाली मत्स्यपालन. जगभर आजही तीच उतरंड समोर ठेवून आखणी होते. आइसलँडची राजधानी रेकयाविकमध्ये घरांना ८० अंशांच्या आसपास पाणी जातं आणि घरातून बाहेर पडताना ते ३५ च्या जवळ असतं. तेवढ्या कोमट पाण्यावर ते लोक फुटपाथवरचा बर्फ वितळवतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्लॅमथ फॉल्स गावातही फुटपाथ असेच तापवतात. पोलंडमध्ये बान्स्का निज्ना इथे एकाच विहिरीच्या पाण्यावर आधी लाकूड सुकवणं, मग हरितगृह, मग मासे, मग माती तापवून भाजी पिकवायचे प्लॅस्टिकचे बोगदे, अशी मांडणी करून दाखवली आहे.

आपल्याकडे घर तापवायचा प्रश्नच नाही. मुंबई-पालघरच्या हवेत हीटर कोण लावतो? म्हणून परदेशातला आराखडा उचलून इथे मांडू नका. आपलं मोठं गिऱ्हाईक आहे सुकवणं, आणि त्याचा हंगाम आहे पावसाळा.

यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण तुमच्या जागेचा खरा फायदा इथे आहे. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये, आणि आमसुलं पुरती वाळायच्या आत पाऊस गाठतो. आंबापोळी आणि फणसपोळीचंही तेच. मासळीचं बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या सुटतात, वसई-अर्नाळ्याला, वर्सोव्याला मासळी येऊ लागते आणि पाऊस अजून गेलेला नसतो. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तो वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगायला ऊन लागतं, आणि ऊन नसलं की कोळीण मिळेल त्या भावाला ओला माल काढून टाकते. अशा वेळी पावसाळी हवा, म्हणजे २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, नुसती ४८ अंशांवर तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. तीच हवा ४० वर थांबवली तर ४५ टक्क्यांच्या पुढे राहते आणि माल वाळायला कितीतरी वेळ घेतो. म्हणून ड्रायरला वरच्या टप्प्याचं गरम पाणी द्यायचं. मात्र मासळी सुरुवातीला ४०-४५ अंशांवरच ठेवा. एकदम जास्त तापवली तर वरची कातडी कडक होते, आत ओल अडकते आणि आठवड्याने माल वास मारतो.

आता तुमची साखळी मी अशी मांडेन. बोअरचं पाणी आधी खोल्यांच्या एक्स्चेंजरमधून जाईल. त्याला उष्णता फार लागत नाही, पण तापमान वरचं लागतं. तो भार चार-पाच तासांत पसरला तर ताशी वीसेक युनिट, म्हणजे पाणी ५४ वरून ५२ वर येईल. तिथून ड्रायरच्या कॉइलमध्ये ५२ वरून ४२. ही शंभरेक किलोवॉट उष्णता झाली. बऱ्यापैकी बांधलेल्या ड्रायरमध्ये मालातलं एक किलो पाणी उडवायला साधारण दीड युनिट उष्णता जाते, म्हणजे तासाला ७० किलो पाणी उडेल. त्यासाठी हवा मात्र भरपूर लागेल, ताशी २५,००० घनमीटरच्या आसपास, तेव्हा ब्लोअरची वीज आधीच हिशोबात धरा. ती बऱ्याच जणांच्या कागदावर नसते आणि पहिल्या बिलाला घाम फुटतो.

४२ अंशांचं पाणी पुढे पाहुण्यांच्या गरम हौदाच्या एक्स्चेंजरला द्या. हौद ३७ अंशांवर ठेवायचा असेल तर ४२ चं पाणी पुरतं. ४० वर ठेवायचा हट्ट धरलात तर पुरणार नाही, कारण एक्स्चेंजरच्या दोन बाजूंत काही अंशांचा फरक राहावाच लागतो. ५० चौरस मीटरच्या उघड्या हौदाला जानेवारीच्या रात्री तीसेक किलोवॉट सहज लागतात. बहुतेक उष्णता वाफेवाटे जाते, म्हणून रात्री वर आच्छादन ओढा. हौदानंतर पाणी ३९ वर येईल.

३९ अंशांचं पाणी बहुतेक लोक सोडून देतात. माझ्या दृष्टीने कामाची खरी मजा इथून सुरू होते. ड्रायरमध्ये येणारी बाहेरची हवा आधी या ३९ अंशांच्या पाण्याच्या कॉइलवरून न्या. ती ३३ पर्यंत फुकट तापते आणि मग वरच्या कॉइलकडे जाते. हवा आणि पाणी उलट दिशेने, रंगखात्यातल्यासारखंच. यात चाळीसेक किलोवॉट निघतात आणि पाणी ३५ वर येतं. खोल्यांचं गार पाणीसुद्धा आधी याच टोकाला तापवून वर पाठवा. हिवाळ्यात त्यापुढे जम्बो कोळंबीच्या पिल्लांचं टाकं ठेवता येईल. त्यांना २८ ते ३१ अंश लागतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तानसा खोऱ्यात उघडं पाणी त्याच्या बरंच खाली जातं. पण हे दोन-तीन महिन्यांचंच गिऱ्हाईक आहे, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

अशा साखळीत एक अडचण हमखास येते. वरचा टप्पा बंद पडला की खालच्याला जास्त गरम पाणी जातं. ड्रायर रविवारी बंद ठेवलात तर ५२ अंशांचं पाणी सरळ हौदाच्या एक्स्चेंजरवर येईल, आणि कोळंबीचं टाकं तर तासाभरात संपेल. उलट ड्रायर पूर्ण भारावर असताना खालच्यांना पाणी गार मिळतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र बायपास आणि तीन तोंडांचा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, आणि त्याचा सेन्सर त्या टप्प्याच्या आत जाणाऱ्या पाण्यावर हवा. वरून थोडं ताजं गरम पाणी खाली आणणारी एक बारीक लाइनही ठेवा. पंपाला व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा आणि तो शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानावर चालवा. बाहेर जाणारं पाणी ३६-३७ च्या वर गेलं की पंप हळू झाला पाहिजे. एवढं एक जरी नीट बसवलं तरी बोअरवरचा उपसा खूप कमी होतो.

एसी. बाजारात मिळणारे लिथियम ब्रोमाइडवर चालणारे साधे चिलर ८० अंशांच्या वरच्या पाण्यावर नीट चालतात. सिलिका जेलवाले चिलर ५५-६० पासून चालू होतात, पण तिथे त्यांची थंडी फार तोकडी असते आणि किंमत मोठी. ५४ अंशांच्या बोअरवर हा खर्च करू नका. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवऱ्याला ७० अंशांच्या आसपासचा झरा आहे, तशा जागी हा विचार वेगळ्या पद्धतीने करता येईल. तुमच्याकडे त्यापेक्षा बांधकामात सावली, उंच छप्पर आणि आरपार वारा यावर पैसे घाला.

आता पाण्याची जात. आपल्या कोकणच्या झऱ्यांमागे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. सातिवलीपासून राजापूरपर्यंत असे झरे ओळीने आहेत, साधारण ३५ ते ७० अंशांचे. खोलवर इतका काळ राहिल्यामुळे पाण्यात क्षार असतात, क्लोराइड असतं, काही ठिकाणी फ्लोराइडही. म्हणून बोअरचं पाणी थेट खोल्यांच्या नळात, ड्रायरच्या कॉइलमध्ये किंवा हौदात सोडायचं नाही. ते फक्त एक्स्चेंजरच्या पहिल्या बाजूने फिरेल. कॉइलला आणि हौदाला पलीकडच्या बंद फेऱ्यातलं चांगलं पाणी जाईल. मधल्या एक्स्चेंजरांमुळे वर सांगितलेल्या आकड्यांत दोन-तीन अंश इकडचे तिकडे होतील, ते डिझाइन करताना बसवता येतात. स्वस्तात ३०४ स्टेनलेसच्या प्लेटा कोणी सुचवल्या तर नाही म्हणा. क्लोराइडच्या गरम पाण्यात त्या प्लेटा वरून चकचकीत दिसतात, पण उजेडासमोर धरल्या की सुई टोचल्यासारखी भोकं दिसतात, बहुतेक गॅस्केटच्या खाचेत, जिथे पाणी साचून राहतं. ३१६ घ्या, आणि तपासणीत क्लोराइड फारच जास्त निघालं तर टायटॅनियम.

क्षार बसण्याचं गणित थोडं उलटं आहे. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट मात्र पाणी तापलं किंवा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की बाहेर पडून बसतं. तुमचं पाणी एक्स्चेंजरमध्ये गार होतंय, ही चांगली गोष्ट आहे. धोका आहे तो वायू निसटण्याचा. बोअरचं पाणी आधी उघड्या टाकीत पाडून मग पंपाने पुढे ढकलायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हवेतला प्राणवायू आत शिरतो, म्हणजे क्षारही बसतात आणि लोखंड गंजतं. तेव्हा शेवटच्या टप्प्यापर्यंत पाणी दाबाखाली, बंद पाइपातच ठेवा. वर्षातून एकदा प्लेटा उघडायच्या. पांढरा थर नखाने खरवडून बघायचा आणि त्यावर घरातलं व्हिनेगर टाकायचं. फसफसलं तर कार्बोनेट आहे, सौम्य आम्लाने निघेल. नाही फसफसलं तर लॅबला पाठवा, अंदाजाने आम्ल ओतू नका.

पाइप निवडताना साधा पीव्हीसी घेऊ नका, ५४ अंशांवर तो मऊ पडतो आणि दाब सोसत नाही. सीपीव्हीसी चालेल. सबमर्सिबलची मोटारही बघून घ्या. बाजारातली नेहमीची मोटार भोवतालच्या पाण्याने गार होते आणि साधारण ३०-३५ अंशांच्या पाण्यासाठी बनवलेली असते. गरम पाण्यासाठीची वेगळी मिळते, तीच मागा.

आरोग्याच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. २५ ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला जंतू वाढतात, आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. त्यामुळे आंघोळीचं पाणी ४८ अंशांवर टाकीत साठवू नका, ते गार होत याच पट्ट्यात येतं. साठवायची ती उष्णता, बंद फेऱ्यातल्या पाण्यात. आंघोळीचं पाणी ज्या क्षणी नळ उघडेल त्याच क्षणी छोट्या प्लेट एक्स्चेंजरमधून तापून आलं पाहिजे. साठवणं टाळता येत नसेल तर हीट पंपाने (थोड्या विजेवर कोमट पाण्यातली उष्णता काढून वरच्या तापमानाला देणारं यंत्र) टाकी ६० वर न्या. त्याला खालच्या टप्प्याचं ३५ अंशांचं पाणी दिलं तर तो फारच कमी विजेत चालतो. हौदाचं पाणी गाळून, क्लोरिन घालूनच ठेवायचं. कोमट, क्लोरिन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो. नाकावाटे पाणी वर गेलं तर तो मेंदूपर्यंत जातो. असं क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. हौदात मुलांना बुड्या मारू देऊ नका.

शेवटी बाहेर पडणारं पाणी. नियमानुसार नदीनाल्यात सोडताना ते तिथल्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम असता कामा नये आणि फ्लोराइड लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत हवं. ठेकेदाराची गरम पाणी नाल्यात सोडण्याची योजना इथेच नापास होते. पाणी पुरतं गार करणं हे उष्णतेच्या हिशोबाने फायद्याचं आहे आणि कायद्यानेही करावं लागणार आहे. शक्य असेल तर वापरलेलं पाणी दुसऱ्या बोअरने परत खाली सोडा, पण पहिल्या बोअरपासून पुरेशा अंतरावर, नाहीतर काही वर्षांत गरम बोअर गार पडेल.

आणि तुमच्या शेजारी कुंडं आहेत. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी इथे लोक पिढ्यानपिढ्या स्नानाला येतात. तुमच्या बोअरचं पाणी आणि कुंडांचं पाणी खालच्या त्याच भेगांतून येत असण्याची दाट शक्यता आहे. तुम्ही दिवसरात्र उपसा केलात आणि कुंडाची पातळी उतरली, तर ते नुकसान कोणत्याही ड्रायरने भरून येणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी जा, २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याखाली तुमच्या बोअरला काय लागू होतं ते लेखी विचारा आणि ग्रामपंचायतीला सुरुवातीपासून बरोबर घ्या. केंद्राने २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलंय, त्यात विजेबरोबरच शेती आणि मत्स्यपालनासारख्या थेट वापराचाही विचार आहे. तुमचा प्रस्ताव त्या भाषेत लिहिलात तर वाचणाऱ्याला कळेल.

यंत्रं ठरवण्याआधी मेच्या शेवटी, पाण्याची पातळी सगळ्यात खाली असताना, बोअरची चाचणी घ्या. आधी सेकंदाला एक, मग दोन, मग अडीच लिटर असा उपसा वाढवत न्या. मग तुम्हाला हवा असलेला उपसा सलग ७२ तास ठेवा. बोअरची पातळी आणि तापमान दोन्ही लिहा, आणि त्याच वेळी जवळच्या कुंडाचीही पातळी आणि तापमान लिहा. पंप बंद केल्यावर बोअर किती वेळात मूळ पातळीला येते तेही. पहिल्या आणि शेवटच्या तासाचं पाणी बाटलीत भरून लॅबला द्या: क्लोराइड, फ्लोराइड, कॅल्शियम, बायकार्बोनेट, सिलिका, बोरॉन आणि सामू. सेकंदाला अडीच लिटर हा आकडा ठेकेदाराने तासाभराच्या उपशावरून काढला असेल, तर तो तीन दिवसांनी दीडवर येऊ शकतो आणि मग वरचे सगळे किलोवॉट त्याच प्रमाणात खाली येतील. ही चाचणी होईपर्यंत कोणाचंही कोटेशन मंजूर करू नका.